बिनपायाचं कपाट

खांडबाऱ्याला असताना आमचे घरमालक एकदा भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात आले. आधी गिलावा गळाला, मग मातीचं एक भलंमोठं ढेकूळ माझ्या परातीशेजारी येऊन आदळलं, आणि मागे जे भगदाड उरलं त्यात शेठजींचं डोकं दिसलं. मिशा, भुवया, टोपी, सगळं मातीनं माखलेलं. मी लाटणं उगारून उभी. डोकं म्हणालं, ‘‘बेन, घाबरू नका. मी शे.’’

‘मी शे’, म्हणजे ‘मी आहे’, म्हटलं की सगळं आलंच! पुढे काही विचारायची सोयच नाही. त्या दिवशी घरात पीठ, माती आणि तूप यांचा काला झाला होता, पलीकडे भाभी, म्हणजे शेठाणी, कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि हे गृहस्थ भगदाडातून आमची चूल न्याहाळत होते. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘काय वाईट व्हयनं? खिडकी व्हयनी.’’ मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. शेठजींशी आमचा सगळा संबंध हा असाच होता, म्हणून त्यांची आठवण त्या भगदाडापासूनच सुरू करावीशी वाटते.

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचे हे खांडबारा स्टेशनावर मालधक्क्याचे कारकून होते. शेठजींच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. पुढे त्यांचं किराणा दुकान, मध्ये त्यांचं राहतं घर, मागे आम्ही, आणि अंगणात एक जुना लिंब. रूळ इतके जवळ की मालगाडी जायला लागली की माझ्या फळीवरची भांडी आपापसांत बोलायला लागायची. शेठजींचे आजोबा मारवाडातून आले होते. शेठजी मात्र पक्के इथले. घरात आपापसांत मारवाडी बोलायचे, आमच्यादेखत आणि दुकानात अहिराणी, आणि रागावले की गुजराती. त्यामुळे भिंतीपलीकडून गुजराती ऐकू आली की मी समजून जायचे.

कोणत्याही धंद्यातल्या माणसावर शेठजींचा काडीचाही विश्वास नव्हता. न्हावी नको, शिंपी नको, वैद्य नको, गवंडी नको. ‘‘आपलं काम आपनच करानं,’’ ते म्हणायचे. ‘‘दुसऱ्याना हात लागना का ते काम दुसऱ्यानं व्हई जास.’’ केस ते स्वतःचे स्वतः कापायचे, आरशासमोर, दुकानातल्या कात्रीनं. म्हणून लग्नकार्यातसुद्धा त्यांच्या डोक्यावरची टोपी उतरत नसे. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथे सुतळी बांधून ती त्यांनी कानामागे गुंडाळली होती. एकदा विहिरीचा रहाट दुरुस्त केला, तो असा की पाणी काढायला लागलं की स्टेशनवरची माणसं गाडी आली म्हणून उठून उभी राहायची. मी म्हटलं, ‘‘शेठजी, जरा तेल तरी घाला.’’ म्हणाले, ‘‘बेन, आवाज करस म्हणजे चालू शे. गप्प ऱ्हायना का समजानं, बिघडना.’’

त्यांच्या पुड्यांची गाठ तर पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ती त्यांनी स्वतः शोधून काढलेली. घट्ट, देखणी, आणि कुणालाही न सुटणारी. गूळ घेऊन गेलेली बाई घरी दातानं दोरा तोडायची आणि शिव्या घालायची, आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायची, कारण वजनात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘‘हाई काय शे? काईच नई!’’ हे वाक्य ऐकलं की भाभी जवळची ठिसूळ भांडी उचलून आत न्यायच्या.

अशा माणसानं स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं. जुनं फार अंधारं होतं, आणि मातीच्या भिंतीतली फडताळं वाळवीनं खाल्ली होती. शेठजींनी छपराची कौलं स्वतः उतरवली, स्वतः चढवली. पावसात दोन ठिकाणी गळायचं, तिथे त्यांनी पिंप ठेवलं आणि सांगितलं की नळ आला. पूर्वेला खिडकी काढली. खाली शहाबादी फरशी बसवली. ती थोडी उताराची झाली, पण धुणं-पुसणं सोपं झालं हे भाभींनाही मान्य करावं लागलं. एवढं झाल्यावर सुरतेहून रेल्वेनं जाळीचं एक कपाट आलं, दूध, तूप आणि उरलंसुरलं अन्न ठेवायला. चार पायांचं, हिरव्या रंगाचं, ऐटदार. आणि सगळे ठेवतात त्याप्रमाणे त्याच्या पायांखाली पाण्यानं भरलेल्या चार वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.

इथेच सगळं बिनसलं. मुंग्या वाट्यांत पडल्या, बुडाल्या, आणि त्या शेठजींच्या आईला दिसल्या.

शेठजींच्या आईला आम्ही सगळे माजी म्हणायचो. वाळकी, ठेंगणी, पांढरं लुगडं, आणि हातात कायम पुंजणी. पुंजणी म्हणजे लोकरीच्या धाग्यांचा मऊ कुंचा. बसण्याआधी जागा झाडायची, उठताना झाडायची, पायाखाली कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. जैन घरातली धर्मनिष्ठ बाई. चालतानाही जमिनीची परवानगी घेतल्यासारखी चालायची. तिनं वाट्यांतल्या मुंग्या पदराच्या टोकानं एकेक करून काढल्या आणि उन्हात कोरड्या राखेवर ठेवल्या. काही हलल्या, उठल्या, चालू लागल्या. बऱ्याच हलल्या नाहीत. माजी तिथेच बसून राहिली. मग उठून एवढंच म्हणाली, ‘‘ज्या घरमा जीव मरस, त्या घरनं अन्न माले गोड लागाव नई.’’

भाभींनी तत्काळ वाट्या काढून टाकल्या. मग मुंग्या राजरोस कपाटात चढल्या आणि तुपात बुडाल्या. आगीतून फुफाट्यात!

त्या दिवसापासून माजीनं मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःचं वेगळं शिजवायला सुरुवात केली. या वयात, ओल्या लाकडांवर, धुरानं डोळे चोळत. सुनेनं केलेलं खाईना, मुलानं आणलेलं घेईना. रागावलेली मात्र मुळीच नव्हती, आणि त्यामुळेच सगळ्यांची पंचाईत झाली. रुसलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते. शेठजी आपलं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यावर बसायचे. आई उंबऱ्यापलीकडे तिच्या चुलीपाशी, मुलगा अलीकडे. दोघं समोरासमोर जेवायची, मध्ये एक उंबरा. एरवी जेवताना जगाला शहाणपण शिकवणारे शेठजी तेव्हा तोंडातून शब्द काढत नसत. मला ते पाहवत नसे. मी खिडकी लावून घ्यायचे.

आता या घरात मुंग्या इतक्या का, हे सांगायला हवं. माजी रोज सकाळी देवदर्शन झालं की पिठात साखर मिसळून लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांच्या वारुळांवर घालायची. वर्षानुवर्षं चाललेला नेम. त्यामुळे आसपासच्या सगळ्या मुंग्यांनी लिंबाखाली बिऱ्हाड केलं होतं, आणि लिंब होता स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चार पावलांवर! एकदा भाभी धुणं वाळत घालता घालता माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘माजी त्यासले जेवाले बलावतस, अन् आमनं कपाट त्यासले बुडाडस. जावं कोठे मुंगीसनी?’’ आणि दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. पण हे माजीला सांगणार कोण? शेवटी शेठजींनीच धीर केला. म्हणाले, ‘‘माजी, पीठ जरासं दूर टाका.’’ माजीनं शांतपणे विचारलं, ‘‘दारमा येल पाहुनाले दूर बठाडू का?’’

शेठजी परत आले ते आईच्या बाजूचे होऊन. ‘‘माजीनं बरोबर शे,’’ त्यांनी जाहीर केलं. ‘‘मुंगीनी काय चूक? चूक कपाटना पायसनी शे. पाय शेत म्हणून वाट्या शेत, वाट्या शेत म्हणून पाप शे. कपाटले पायच नको. भीतवर टांगसू.’’ आणि पुढे ते वाक्य आलंच: ‘‘हाई काय शे? काईच नई!’’

यावर माजी म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या पावसाळ्यातल्या आठ दिवसांच्या व्रतात, ती पूर्ण उपास करायची, फक्त उकळलेलं पाणी. पर्युषण संपल्यावर पारण्याला, म्हणजे उपास सोडायला, स्वयंपाकघर निर्दोष असेल तर ती या घरात जेवेल. नसेल तर धाकट्याकडे नंदुरबारला जाईल आणि तिथेच राहील. धाकटा मुलगा नंदुरबारला कापसाच्या व्यापारात होता. त्याच्या घरी सगळं होतं, मुंग्या सोडून. शेठजी हसले आणि म्हणाले, ‘‘कपाट तं चार दिवसमा व्हई जाई.’’ पण त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद झालं, आणि भिंतीपलीकडून ना मारवाडी ऐकू आली ना गुजराती. आई थोरल्याचं घर सोडून धाकट्याकडे गेली, आणि तेही अन्न नाकारून, ही गोष्ट त्यांच्या समाजात माणसाला जन्मभर पुरते. शिवाय समाज बाजूला राहू द्या, शेठजींचा आईवर भारी जीव होता. ते बोलून दाखवणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच.

आश्चर्य म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारागीर बोलावला. पारण्याचा प्रश्न होता, म्हणून स्वतःच्या तत्त्वाला मुरड घातली असणार. भिंतीवर टांगायचं नवं कपाट करायला नवापूरकडचा एक अनुभवी सुतार आला. तळोद्याहून आणलेलं सागाचं लाकूड अंगणात पडलं होतं. त्यानं पहिला खिळा धरला, हातोडा उचलला, तर माजीची पुंजणी मध्ये. तिनं खिळ्याभोवतीची जागा हळुवार झाडली आणि म्हणाली, ‘‘आते ठोक.’’ ठोकला एक घाव. दुसऱ्यासाठी हातोडा उचलतो तर पुन्हा पुंजणी. प्रत्येक घावाला झाडू! त्यात एका फळीत लाकूड पोखरणारी एक अळी निघाली. माजीनं ती फळी दोघांना उचलायला लावून लिंबाखाली सावलीत ठेवली आणि सुताराला बजावलं की तिथे कुणीतरी राहतं, हात लावायचा नाही. सुतार माणूस गरीब स्वभावाचा, पण त्यालाही सीमा होती. दुपारच्या आत त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘माजी, असं झाडत बठनात तं हाई कपाट मन्हा नातूना लगीनमा व्हई. शेठ, तुमनं काम तुम्हीच करा. मी चालनू.’’

शेठजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद पसरला तो मी आमच्या खिडकीतून पाहिला. जग पुन्हा जागेवर आलं होतं. त्यांनी सुरतेहून करवत, रंधा, पटाशी, गिरमिट अशी सगळी हत्यारं मागवली. पेटी आमच्या ह्यांच्याच मालधक्क्यावर उतरली. ह्यांनी घरी येऊन मला गंभीरपणे सांगितलं, ‘‘आजपासून घरात सांभाळून राहा.’’

मग सुरू झालं कपाट. दिव्यावर पतंग येऊन मरतात म्हणून दिवा लावून काम करायचं नाही. जे काही ते उन्हाच्या उजेडात. म्हणजे दुकानाच्या वेळात. त्यामुळे दुकान अर्धं स्वयंपाकघरात आलं. गिऱ्हाईक नव्या खिडकीशी उभं राहायचं, आणि शेठजी तोंडात खिळे धरून मीठ-मिरचीचा भाव सांगायचे. एका म्हातारीच्या गुळात खिळा निघाला. ती तो परत द्यायला आली तर शेठजी खूश होऊन म्हणाले, ‘‘हाच धुंडी ऱ्हायनू व्हतू!’’ माजी पुंजणी घेऊन शेजारी बसलेली असायची. ती झाडायची, शेठजी एक घाव घालायचे, थांबायचे. ती झाडायची, ते घाव घालायचे. सुताराला जे नको झालं होतं ते या दोघांचं तासन् तास चाले. ठक् आणि मग शांतता, पुन्हा ठक्. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो थांबला तर माझं लक्ष जाई. कधी कधी वाटे, कपाट झालं नाही तरी चालेल, ही दोघं अशीच बसून राहावीत.

कपाट झालं. दारं जरा तिरकी होती, एक दार आपणहून उघडायचं, पण झालं. भिंतीत सागाच्या लांबच लांब खुंट्या ठोकून शेठजींनी ते वर टांगलं, तुपाची बरणी, लोणच्याच्या बरण्या, साखर, पापड, सगळं भरलं, आणि आम्हा सगळ्यांना बोलावून मागे हात बांधून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की गाडीतला साहेब येऊन पाहील तर तो इंग्लंडला असलं मागवेल. मी मनापासून वाहवा केली. मग मी पोळ्या लाटायला आमच्या घरी आले, आणि नंदुरबारकडून मालगाडी आली.

बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे. मातीची भिंत, रोजचा हादरा, आणि खुंट्यांची टोकं थेट आमच्या गिलाव्यापर्यंत आलेली. कपाट खाली गेलं, खुंट्यांनी पलीकडून भिंत उचकटली, आणि भिंतीचा तुकडा माझ्याकडे आला. भाभी त्या दिवशी रडल्या. तूप गेलं म्हणून नव्हे. पर्युषण तोंडावर आलं होतं, आणि माजी पडवीत खोकत होती. पावसानं पडवीचा कूड भिजला होता, तिच्या अंगात बारीक कसर होती, तरी तिची चूल तिथेच. मी भगदाडातून भाभींना गरम पाणी दिलं. भाभी हळूच म्हणाल्या, ‘‘बेन, आते माजी जाईच.’’

शेठजी मात्र भगदाडासमोर मांडी घालून बसले होते. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, ते गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मग ते एकदम उठले, दुकानात गेले, आणि तोंड शिवलेली ज्वारीची गोणी फरफटत आत आले. मला भगदाडातून हाक मारली. ‘‘बेन, आठे देखा. गोनीले टाका कसा मारतस? इकडथून सुई घालतस, तिकडे गाठ मारतस. खुंटी भीतमा नुसती घुसाडी म्हणजे टाका मारा, पन गाठच नई मारी! मी गाठ इसरनू, बेन. मी!’’

गाठीचा एवढा मोठा जाणकार, आणि गाठ विसरला, याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की पडल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. भिंत त्यांनी विटा आणि चिखलानं पुन्हा भरली. मग लांब लोखंडी बोल्ट आणवले, भिंतीतून आरपार घातले. त्यांच्या बाजूला कपाट, आमच्या बाजूला सागाची जाड फळी, आणि फळीवर नट आवळले. भिंतीलाच टाका मारला आणि आमच्या घरात गाठ मारली. मालगाडी आली, गेली, पुन्हा आली. कपाटातली वाटीसुद्धा वाजली नाही. आमच्या भिंतीवर फुकट फळी मिळाली, तिला मी झारे आणि पळ्या अडकवल्या. कपाटाभोवती भिंतीवर शेठजींनी हळदीची जाड रेघ ओढली, कारण हळद मुंग्या ओलांडत नाहीत आणि हळदीनं त्या मरतही नाहीत. पिवळ्या रेघेतलं ते कपाट बोहल्यावर चढलेल्या नवरीसारखं दिसे. शेठजींनी स्टेशनपासून बाजारापर्यंत सांगून टाकलं की या कपाटात आता एकही मुंगी शिरणार नाही, ब्रह्मदेव आला तरी नाही. आणि दुसऱ्या दिवशी पर्युषण सुरू झालं.

त्या दिवसांत हत्याराला हात लावायचा नसतो. शेठजींसारख्या माणसाला ही शिक्षाच. ते येता-जाता कपाटासमोर उभे राहायचे, हळदीची रेघ वाकून बघायचे, नाक कपाटाच्या फटीला लावायचे. माजी आपल्या उपासात आणि प्रार्थनेत. एकदाही कपाटाकडे फिरकली नाही. पाण्याच्या घोटावर ती दिवसेंदिवस बारीक होत चालली, पण चेहरा मोठा प्रसन्न. पडवीतली चूल थंड होती, आणि तिच्याशेजारी तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. ते गाठोडं शेठजींना दिसायचं, आणि ते तोंड फिरवायचे.

संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्यात सगळ्यांची क्षमा मागतात. शेठजी आमच्या दारात आले, हात जोडले, मान खाली घातली. ‘‘बेन, बाबूसाहेब, वरीसभरमा मन्हाघाई काई चुकनं व्हई तं माफ करा.’’ आम्हीही हात जोडले. जाता जाता वळले आणि म्हणाले, ‘‘भीतनी माफी मी मागत नई हां. ती गाडीनी पाडी.’’

पारण्याच्या सकाळी नंदुरबारहून धाकटा आला. चांगला, सुबक माणूस, न्हाव्याकडून केस कापून घेतलेला. त्याच्या येण्यात वाईट काही नव्हतं. आईनं बोलावलं होतं, तो आला. परतीची गाडी थोड्याच वेळात होती. गाठोडं त्यानं ओट्यावर आणून ठेवलं. भाभींनी मुगाचं कढण आणि राब, म्हणजे गव्हाच्या पिठाची पातळ लापशी, करून ठेवली होती. पाट मांडला होता. मलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं, बहुधा धीराला. शेठजी नवी टोपी घालून कपाटाशेजारी उभे होते, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

माजी भिंतीचा आधार घेत आली. पुंजणीनं फरशी झाडली. कपाटाकडे खालून वर बघितलं. पाय नाहीत, वाट्या नाहीत. मग तिनं दार उघडलं, खरं तर ते आपणहूनच उघडलं, आणि ती एकेक वस्तू बघू लागली. साखरेचा डबा. पापडांचा डबा. लोणचं. शेवटी तुपाची बरणी.

बरणीच्या झाकणावर एक मुंगी चालली होती.

भाभींचा श्वास मला ऐकू आला. शेठजी पुढे झाले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी हळद, एवढे बोल्ट, आणि एवढी बढाई! ‘‘कोठून उनी?’’ ते स्वतःशीच पुटपुटले. ‘‘हाई कोठून उनी?’’ माजीनं आपलं बोट झाकणावर ठेवलं. मुंगी थांबली, मिशा हलवल्या, आणि बोटावर चढली. माजी वळली. पाटाजवळून, भाभींच्या समोरून, ती मागच्या दाराकडे चालू लागली. धाकट्यानं खिशातलं घड्याळ पाहिलं आणि ओट्यावरून गाठोडं उचललं. ‘‘माजी, गाडीना टाइम व्हयना,’’ तो म्हणाला.

शेठजी भिंतीला टेकले. मी त्या माणसाला पडताना, भाजताना, बोट कापून घेताना पाहिलं होतं. असा कधी पाहिला नव्हता.

माजी अंगणात गेली. लिंबाच्या बुंध्याशी वाकली, बोट जमिनीला टेकवलं, आणि मुंगी उतरून जाईपर्यंत तशीच वाकून राहिली. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू उठली, आणि आली त्याच वाटेनं परत आत आली. पाटाशेजारची जागा झाडली. पाटावर बसली.

‘‘जित्ती शे,’’ ती म्हणाली.

शेठजी बाहेर बघत होते, आत बघत होते, पुन्हा कपाटाच्या फटीकडे बघत होते. एकही मुंगी येऊ नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि माजीनं ते कधी मागितलंच नव्हतं. ‘‘पन ती आत उनी कशी?’’ ते अजून तिथेच अडकले होते. ‘‘मी बोल्ट परत काढसू, रेघ परत...’’

‘‘बेटा,’’ माजी म्हणाली, ‘‘भूक लागनी माले. वाढ.’’

धाकट्यानं गाठोडं खाली ठेवलं. भाभी पळीकडे धावल्या, पण शेठजींनी त्यांना हातानं मागे सारलं. आजवर त्यांनी त्या घरात सगळं केलं होतं, पण कुणाला वाढलं नव्हतं. त्यांनी राब वाढली, थोडी ताटात, थोडी फरशीवर. मग कपाटातून बरणी काढली, झाकण काढलं, आत नीट निरखून बघितलं, आणि आईच्या ताटात तुपाची धार धरली.

‘‘बस,’’ माजी म्हणाली. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. तूप लापशीवरून वाहून ताटाच्या कडेला आलं. ‘‘बस रे, बेटा, बस,’’ ती हसत म्हणत होती, आणि शेठजी काही थांबत नव्हते.